बैत साहूरची करबंदी : पहिल्या इंतिफादाच्या सामाजिक, सांस्कृतिक आणि आर्थिक परिणामांचा प्रकरण अभ्यास

बेथलेहेमला पूर्वेकडून लागून असलेले बैत साहूर हे वेस्ट बँकेतील एक लहान शहर आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याची वस्ती दहा-बारा हजारांच्या आसपास होती आणि त्यात अरब ख्रिस्ती कुटुंबांचे प्रमाण मोठे होते. ख्रिस्तजन्माच्या कथेतील मेंढपाळांचे शेत इथलेच मानले जाते, त्यामुळे यात्रेकरूंना या गावाचे नाव ठाऊक होते. जगाच्या राजकारणात मात्र ते आले ते १९८९ च्या शरद ऋतूत. इस्रायली लष्कराने त्या वर्षी सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सुमारे सहा आठवडे, या शहराची नाकेबंदी केली आणि घरोघरी व दुकानोदुकानी शिरून जप्त्या केल्या. नागरिकांनी लष्करी राजवटीला कर देण्याचे थांबवले होते, हे या कारवाईचे कारण होते. पहिल्या इंतिफादाचे, म्हणजे १९८७ मध्ये सुरू झालेल्या पॅलेस्टिनी लोकउठावाचे, परिणाम तपासताना गाझा किंवा नाब्लुस सोडून हे छोटे शहर निवडण्याचे कारण असे, की दगडफेक आणि गोळीबार यांच्या बातम्यांत झाकून गेलेली उठावाची आर्थिक बाजू इथे उघडी दिसते, आणि ती कुठवर पोहोचू शकली व कुठे अडली, हेही इथेच नीट कळते.

उठावाआधीचा हिशेब

१९६७ च्या युद्धानंतर वेस्ट बँक आणि गाझा पट्टी इस्रायलच्या लष्करी ताब्यात गेली. पुढच्या वीस वर्षांत या प्रदेशाची अर्थव्यवस्था इस्रायलच्या अर्थव्यवस्थेला बांधली गेली, पण बरोबरीच्या नात्याने नव्हे. १९८७ पर्यंत एक लाखाहून अधिक पॅलेस्टिनी मजूर रोज पहाटे इस्रायलमध्ये बांधकाम, शेती आणि हॉटेलांतील कामासाठी जात होते. उलट दिशेने इस्रायली कारखान्यांचा माल या प्रदेशात मुक्तपणे येत होता. अमेरिकेनंतर इस्रायली मालाची सर्वांत मोठी बाहेरची बाजारपेठ हीच होती. पॅलेस्टिनी शेतकऱ्याला मात्र आपला माल इस्रायलमध्ये विकण्यावर बंधने होती, आणि नवा कारखाना काढणे, विहीर खोदणे किंवा यंत्रसामग्री आणणे यासाठी लष्करी प्रशासनाचा परवाना लागत असे.

त्यातच १९७६ मध्ये मूल्यवर्धित कर आला. ताबा घेणाऱ्या सत्तेने आधीपासून चालत आलेलेच कर, शक्यतो आधीच्याच नियमांनुसार, वसूल करावेत आणि ते त्या प्रदेशाच्या कारभारासाठी खर्च करावेत, असे १९०७ च्या हेग नियमावलीचे ४८ वे कलम सांगते. नवा कर बसवणे या कलमात बसते का, हा वाद इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि १९८३ मध्ये न्यायालयाने कर वैध ठरवला. कायद्याच्या पुस्तकात प्रश्न तिथे मिटला, पण दुकानदाराच्या मनात तो तसाच राहिला. कर अधिकारी उलाढालीचा अंदाज स्वतःच बांधत, अपिलाची वाट लष्करी यंत्रणेतूनच जात असे, आणि भरलेल्या पैशाच्या बदल्यात गावाला रस्ता किंवा दवाखाना किती मिळाला याचा ताळेबंद कुणी मांडून दाखवत नव्हते. या प्रदेशांच्या कारभाराचा इस्रायली तिजोरीवर फारसा बोजा पडत नाही, हा निष्कर्ष जेरुसलेमचे माजी उपमहापौर मेरॉन बेनवेनिस्टी यांच्या अभ्यासातूनही पुढे आला होता. करबंदीची मागणी भावनेच्या भरात उपटलेली नव्हती, हे लक्षात घेण्यासाठी इतकी पार्श्वभूमी पुरे.

उठाव आणि बैत साहूर

८ डिसेंबर १९८७ रोजी गाझा पट्टीच्या उत्तर टोकाशी इस्रायली लष्कराच्या वाहनाने मजुरांच्या गाड्यांना धडक दिली आणि चार पॅलेस्टिनी ठार झाले. दुसऱ्या दिवशी जबालिया निर्वासित छावणीत सुरू झालेली निदर्शने काही आठवड्यांत सगळ्या व्याप्त प्रदेशात पसरली. त्यांना दिशा देण्यासाठी फताह, पॉप्युलर फ्रंट, डेमोक्रॅटिक फ्रंट आणि कम्युनिस्ट पक्ष या पॅलेस्टिनी संघटनांनी मिळून भूमिगत ‘संयुक्त राष्ट्रीय नेतृत्व’ उभे केले. या नेतृत्वाची क्रमांक घातलेली पत्रके रात्री वाटली जात, आणि कोणत्या दिवशी हरताळ पाळायचा, दुकाने किती वाजेपर्यंत उघडी ठेवायची, कोणत्या मालावर बहिष्कार घालायचा, हे त्यांतून ठरत असे. १९८८ च्या वसंतात प्रशासनातील पॅलेस्टिनी पोलीस आणि कर कर्मचारी मोठ्या संख्येने राजीनामे देऊ लागले. त्यामुळे वसुलीचे काम थेट इस्रायली अधिकारी आणि सैनिक यांच्यावर पडले, आणि कर ही गोष्ट किती उघडपणे ताब्याशी जोडलेली आहे हे प्रत्येकाला दिसू लागले.

कर भरू नका, हे आवाहन सगळ्यांनाच होते. ते शहर म्हणून एकजुटीने शेवटपर्यंत पाळले ते बैत साहूरने, आणि त्यामागे गावाची विशिष्ट घडण होती. ऑलिव्हच्या लाकडाचे कोरीवकाम, शिंपल्यांच्या वस्तू, शिवणकाम आणि इतर छोटे कारखाने यांवर इथली बरीच कुटुंबे जगत होती. छावण्यांच्या तुलनेत इस्रायलमधील रोजंदारीवरचे अवलंबित्व कमी होते. शिक्षणाचे प्रमाण चांगले होते, प्राध्यापक, औषधविक्रेते आणि दंतवैद्य गावातच राहत होते, आणि मोजक्या मोठ्या कुळांतील सोयरिकीमुळे शेजारी हा बहुतेक वेळा नातेवाईकच असे. ज्याचे दुकान स्वतःचे आहे, त्यालाच कर नाकारता येतो. ज्याची रोजी रोज सकाळी नाक्यावरच्या परवान्यावर ठरते, त्याला नाकारण्यासाठी हातात काही नसते. या प्रकरणातील बाकी सगळे या एका फरकातून उलगडत जाते, असे माझे मत आहे.

उठावाच्या पहिल्याच वर्षी गावात मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. शाळा लष्करी आदेशाने बंद होत्या, म्हणून घरांत वर्ग भरू लागले. संचारबंदीत धान्य वाटण्याची, रात्रीच्या पहाऱ्याची आणि तुरुंगात गेलेल्यांच्या घरांकडे लक्ष देण्याची कामे वाटून घेण्यात आली. बेथलेहेम विद्यापीठातील जीवशास्त्राचे प्राध्यापक जाद इसहाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोपवाटिका चालवून भाजीची रोपे, बियाणे, कोंबडीची पिल्ले आणि ठिबक सिंचनाच्या नळ्या स्वस्तात पुरवायला सुरुवात केली. अंगणात टोमॅटो लावणारा प्राध्यापक राज्याच्या सुरक्षिततेला धोका ठरू शकतो, हे वाचायला विचित्र वाटते. पण इसहाक यांना १९८८ मध्ये अटक होऊन नेगेव्हच्या वाळवंटातील तळावर कित्येक महिने स्थानबद्ध करण्यात आले.

गाईंचे प्रकरण याच काळातले. बाजारात इस्रायली दूधच येत असल्यामुळे काही जणांनी पैसे गोळा करून एका किबुत्झकडून (इस्रायली सामुदायिक शेती-वसाहतीकडून) १८ दुभत्या गाई विकत घेतल्या. ज्यांनी जन्मात गाईची धार काढली नव्हती, अशा शहरी माणसांनी गोठा चालवायला घेतला. लष्कराने गोठा बंद करण्याची मुदत दिली, गाईंची छायाचित्रे काढली आणि मुदत संपल्यावर त्यांचा शोध सुरू केला. गाई मात्र एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत लपवण्यात आल्या आणि त्यांचे दूध लोकांपर्यंत चोरून पोहोचत राहिले. अठरा गाईंचे दूध दहा हजार माणसांना पुरणारे नव्हते, हे गोठा चालवणाऱ्यांनाही कळत होते. त्यांना दाखवायचे होते ते एवढेच, की घरात येणारी वस्तू कुठून येते हे आपण ठरवू शकतो. लष्करालाही नेमके तेच खुपत होते. ऑगस्ट १९८८ मध्ये सगळ्या लोकसमित्या बेकायदा ठरवण्यात आल्या आणि त्यांचे सदस्यत्व हा तुरुंगवासाचा गुन्हा झाला.

ओळखपत्रे, जप्ती, नाकेबंदी

पहिली मोठी कारवाई जुलै १९८८ मध्ये झाली. कर अधिकारी आणि सैनिक गावात शिरून वाहने व माल ताब्यात घेऊ लागले, तेव्हा शेकडो नागरिकांनी नगरपालिकेत जाऊन लष्करी प्रशासनाने दिलेली आपली ओळखपत्रे परत केली. या कृतीचे गांभीर्य बाहेरच्या वाचकाला चटकन कळणार नाही. ओळखपत्राशिवाय नाका ओलांडता येत नसे, रस्त्यावर तपासणीत सापडलेल्या माणसाला अटक होऊ शकत असे, आणि कोणत्याही कचेरीत त्याचे काम होत नसे. उत्तर म्हणून गावावर दिवसांमागून दिवस संचारबंदी लादण्यात आली. पुढे प्रवास, वाहन परवाना, नोंदणी अशा रोजच्या दाखल्यांना करभरणीच्या दाखल्याची अट अधिकच घट्ट जोडली गेली.

सप्टेंबर १९८९ मध्ये संरक्षणमंत्री यित्झाक राबिन यांनी हा विषय कायमचा निकालात काढायचे ठरवले. एका शहराने कर नाकारला आणि ते पचवले तर बाकीची शहरेही त्याच वाटेने जातील, ही त्यांची भीती राज्यकर्त्याच्या दृष्टीने अनाठायी नव्हती. शहराच्या वाटा बंद झाल्या, टेलिफोन तोडले गेले, बाहेरच्यांना प्रवेश बंद झाला. कर अधिकारी सैनिकांना घेऊन ठरावीक घरांवर आणि दुकानांवर जात. औषधांच्या दुकानातून औषधे, कार्यशाळांतून यंत्रे आणि कोरीव वस्तूंचे साठे, घरांतून फ्रिज, टीव्ही, सोफे असे सामान ट्रकांत भरले जाई, आणि पुष्कळदा नेलेल्या मालाची किंमत दाखवलेल्या थकबाकीच्या कितीतरी पट असे. सहा आठवड्यांत दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीचा ऐवज गेला, डझनावारी माणसे तुरुंगात गेली. प्रतिकार झाला तो हात न उचलता. माणसे सामान जाताना पाहत राहिली, आणि सही करून, थोडी रक्कम भरून माल सोडवून घेण्याचा मार्ग खुला असूनही बहुतेकांनी तो नाकारला.

मराठी वाचकाला इथे १९२८ ची बारडोली आठवणे साहजिक आहे. तो तालुका तेव्हा मुंबई इलाख्यातच होता आणि सारावाढीचा निर्णयही मुंबई सरकारचा होता. साम्य उघड आहे : जप्ती, लिलाव, गावाची एकी आणि न डगमगता सोसणे. फरक मात्र अधिक बोलका आहे. बारडोलीचे भांडण साऱ्याच्या दराचे होते, त्यामुळे चौकशी नेमून दर खाली आणता आला आणि दोन्ही बाजूंना माघारीची वाट राहिली. बैत साहूरने कर घेणाऱ्याचा अधिकारच नाकारला होता, त्यामुळे तडजोडीला आकडाच नव्हता. दुसरे असे, की बारडोलीत जप्त म्हशी आणि जमिनी घ्यायला स्थानिक गिऱ्हाईक मिळू नये म्हणून सामाजिक बहिष्काराचे शस्त्र होते. बैत साहूरचा माल ट्रकांत भरून इस्रायलमध्ये नेला गेला आणि तिथे लिलावात विकला गेला. त्या खरेदीदारापर्यंत गावाचा बहिष्कार पोहोचूच शकत नव्हता. सत्याग्रहाच्या तंत्रात लिलावाच्या जागेला इतके महत्त्व असते, हे एरवी ध्यानात येत नाही.

नाकेबंदी चालू असताना अनेक युरोपीय देशांच्या वाणिज्य दूतांनी गावात जाण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना अडवण्यात आले. ३१ ऑक्टोबरला नाकेबंदी उठली, तरी गावाने कर भरलेला नव्हता. ७ नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत जप्त मालमत्ता परत करावी अशा मागणीचा ठराव आला; चौदा मते बाजूने पडली आणि अमेरिकेच्या नकाराधिकाराने तो फेटाळला गेला. माल परत आला नाही.

गावापलीकडे

सहा आठवड्यांत दुसरे कोणतेही शहर त्याच निर्धाराने करबंदीत उतरले नाही, ही या प्रकरणाची सर्वांत अवघड बाजू आहे. भूमिगत नेतृत्वाने बैत साहूरचे कौतुक केले, एकजुटीचे हरताळ पुकारले, पण जप्तीत बुडालेल्या कुटुंबांना सावरणारा निधी किंवा पाठोपाठ पाच-सहा शहरे उतरवण्याची योजना दिसली नाही. ट्युनिसमध्ये बसलेल्या पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे लक्ष तोवर राजनैतिक मान्यतेकडे वळले होते. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी अल्जीयर्समध्ये स्वतंत्र राज्याची घोषणा झाली होती आणि भारतासह अनेक देशांनी काही दिवसांतच ती मान्य केली होती. स्वतःचे निर्णय स्वतः घेणाऱ्या समित्या दूरच्या नेतृत्वाला कितपत रुचत होत्या, हा प्रश्नही विचारायलाच हवा. शिवाय सगळे करथकवे तत्त्वनिष्ठ होते असेही नाही. उठावाच्या आडून पैसे वाचवणारे व्यापारी वेस्ट बँकेत होतेच. त्यांनी पहिल्या जप्तीला चेकबुक काढले.

व्यापक आर्थिक परिणाम संमिश्र होते. हरताळ आणि अर्ध्या दिवसाचा बाजार यांचा पहिला मार पॅलेस्टिनी दुकानदारावर आणि रोजंदारी मजुरावर पडला. संचारबंदीत गाझाच्या मजुराचा रोज बुडे आणि त्याच्या जागी दुसरा माणूस घेण्याची सवय इस्रायली ठेकेदाराला लागे. जॉर्डनने ३१ जुलै १९८८ रोजी वेस्ट बँकेशी प्रशासकीय संबंध तोडले, आणि १९८८–८९ मध्ये जॉर्डनच्या दिनाराचे मूल्य जवळपास निम्म्यावर आल्यामुळे दिनारात ठेवलेली बचत वितळली. दुसरीकडे सिगारेट, शीतपेये, गोळ्या-बिस्किटे अशा वस्तूंच्या स्थानिक कारखान्यांना बहिष्कारामुळे बाजार मिळाला आणि घरगुती प्रक्रिया उद्योग व महिला सहकारी संस्था वाढल्या. इस्रायललाही किंमत मोजावी लागली. प्रदेशातील विक्री घटली, आणि राखीव सैनिकांच्या सेवेचे दिवस वाढल्यामुळे अनेक इस्रायली कुटुंबांना उठावाची झळ लागली. बैत साहूरमध्ये १९८८ पासून काही इस्रायली नागरिकांशी संवादाच्या बैठका सुरू होत्या आणि नाकेबंदीनंतरही त्या थांबल्या नाहीत, हे नोंदवले पाहिजे.

सामाजिक बदलांचे मोल पैशात मांडता येत नाही, पण घरोघरी ते जाणवले. लग्नांतील वाजंत्री आणि मेजवान्या बंद झाल्या, मेहेरची, म्हणजे वराने वधूला द्यायची, रक्कम खाली आली. मुली आणि स्त्रिया समित्यांत, मोर्च्यांत आणि तुरुंगाच्या दारात दिसू लागल्या. त्याच वेळी शाळा बंद राहिल्यामुळे अनेक मुलींची लग्ने लवकर लावली गेली, आणि गाझात डोके न झाकणाऱ्या स्त्रियांवर रस्त्यात दगड येऊ लागले. संयुक्त नेतृत्वाने त्याविरुद्ध पत्रक काढले ते १९८९ मध्ये, म्हणजे बऱ्याच उशिरा. बिरझैत विद्यापीठ जानेवारी १९८८ पासून चार वर्षांहून अधिक काळ बंद होते. दगड हातात घेतलेली मुले घरातल्या वडीलधाऱ्यांचे ऐकेनाशी झाली, आणि शाळेचा धागा एकदा तुटल्यावर परत जोडणे अनेकांना जमले नाही. पुढच्या वर्षांत खबरे असल्याच्या संशयावरून पॅलेस्टिनींनीच शेकडो पॅलेस्टिनींना ठार केले. १९८७ ते १९९३ या काळात इस्रायली दलांच्या हातून हजारावर पॅलेस्टिनी मारले गेले आणि दीडशेच्या वर इस्रायली मृत्युमुखी पडले. ही अंतर्गत हत्यांची संख्या त्या आकड्यांशेजारी ठेवली म्हणजे उठावाच्या शेवटच्या टप्प्यातील विस्कळीतपणा लक्षात येतो.

सांस्कृतिक क्षेत्रात करबंदीचीच वृत्ती निराळ्या रूपांत उमटली. राष्ट्रध्वज फडकावण्यास बंदी असल्यामुळे स्त्रियांनी पारंपरिक ‘थोब’वर (पायघोळ झग्यावर) ध्वजाचे रंग, नकाशा आणि कबुतरे भरतकामात गुंफली; अंगावरचा कपडा जप्त करणे सैनिकालाही कठीण होते. सुलेमान मन्सूर, व्हेरा तमारी, नबील अनानी आणि तैसीर बरकात या चित्रकारांनी इस्रायलमधून येणारे रंग आणि कॅनव्हास वापरणे सोडले आणि माती, चामडे, मेंदी, नैसर्गिक रंग यांत काम सुरू केले. मन्सूर यांच्या मातीच्या चित्रांना वाळताना पडलेल्या भेगा पुढे त्यांच्या शैलीचाच भाग बनल्या. भिंतींवरील मजकूर हे रोजचे वर्तमानपत्र झाले आणि तो पुसण्याचे काम सैनिक घरमालकालाच लावत. नेतृत्वाने उन्हाळी वेळही (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत) इस्रायलच्या आधीच लागू केली, त्यामुळे मनगटावरचे घड्याळ पाहून माणूस कोणत्या बाजूचा हे ओळखता येऊ लागले.

करार आणि कर

१९९० मध्ये इराकने कुवेत व्यापल्यावर मुक्ती संघटनेने घेतलेली इराकच्या बाजूची भूमिका महागात पडली. कुवेतमधील लाखो पॅलेस्टिनींना देश सोडावा लागला आणि आखातातून येणारा पैसा आटला. १९९१ पासून इस्रायलमध्ये जाण्यासाठी व्यक्तिगत परवाना लागू लागला, मार्च १९९३ मध्ये सरसकट बंदी आली, आणि त्याच वर्षी १३ सप्टेंबरला इस्रायल आणि मुक्ती संघटना यांच्यातील ओस्लो करारावर सह्या झाल्या. २९ एप्रिल १९९४ च्या पॅरिस आर्थिक कराराने नव्या पॅलेस्टिनी प्राधिकरणाला करखाते मिळाले, पण सीमाशुल्काची चौकट इस्रायलचीच राहिली. पॅलेस्टिनी मूल्यवर्धित कराचा दर इस्रायली दरापेक्षा दोन टक्क्यांहून अधिक खाली नेता येत नाही. आयातीवरचे शुल्क आणि कर इस्रायल गोळा करते, तीन टक्के वसुली खर्च कापून घेते आणि उरलेली रक्कम दरमहा प्राधिकरणाला देते. ती रक्कम राजकीय वादांत अनेकदा रोखली गेली आहे, आणि २०१९ पासून कैद्यांच्या कुटुंबांना दिल्या जाणाऱ्या भत्त्यांइतकी वजावटही तिच्यातून होत आली आहे. वाटाघाटी करणाऱ्यांनी बैत साहूरचा अनुभव समोर ठेवला असता तर वसुलीचा हा अधिकार इतक्या सहज सोडला नसता, असे मला वाटते. करार झाला तेव्हा गावातील अनेक कार्यशाळा जप्तीत गेलेली यंत्रे भरून काढू शकल्या नव्हत्या. १९९७ मध्ये बैत साहूरच्या जमिनीचा काही भाग असलेल्या अबू घनैम टेकडीवर हार होमा या इस्रायली वसाहतीचे काम सुरू झाले, आणि गावातील ख्रिस्ती कुटुंबांचे चिली, अमेरिका आणि इतर देशांकडे होणारे जुने स्थलांतर त्यानंतरही चालू राहिले.